प्रकाश आणि विद्युतदाबाने पाण्यातील अ‍ॅट्राझिन खरोखर नष्ट होते का?

प्रश्न:
टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश टाकून पाण्यातील अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचे विघटन करता येते. हा उत्प्रेरक नुसत्या प्रकाशानेही काम करतो, मग विद्युतदाब कशासाठी द्यायचा? आणि क्रोमॅटोग्राफीत (पाण्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) अ‍ॅट्राझिन दाखवणारे आलेखातील शिखर दिसेनासे झाले, की पाणी शुद्ध झाले असे मानावे का?

प्रतिसाद १:
टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. प्रकाश शोषला गेला की त्यात इलेक्ट्रॉन आणि विवर (इलेक्ट्रॉन निघून गेल्याने उरलेली धन जागा) यांची जोडी तयार होते. परंतु अशा बहुतेक जोड्या काही उपयोग होण्याआधीच पुन्हा एकत्र येतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. धन विद्युतदाब दिल्यास इलेक्ट्रॉन तारेतून कॅथोडकडे, म्हणजे दुसऱ्या, ऋण इलेक्ट्रोडकडे ओढले जातात, विवरे पृष्ठभागाशी उरतात आणि पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे सेंद्रिय पदार्थ तोडणारे अतिशय क्रियाशील कण, तयार करतात. शिवाय उत्प्रेरक इलेक्ट्रोडवर पक्का बसवलेला असल्यामुळे नंतर भुकटी गाळून काढावी लागत नाही, आणि माझ्या मते हा फायदाही तितकाच मोलाचा आहे. खरी अडचण प्रकाशाची आहे: अ‍ॅनाटेज या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटा करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचाच प्रकाश उपयोगी पडतो, आणि सूर्यप्रकाशात त्याचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो.

प्रतिसाद २:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. अ‍ॅट्राझिनच्या अल्किल (कार्बन-हायड्रोजनच्या) शाखा तुटतात, क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल गट येतो, पण रेणूच्या गाभ्यातले ट्रायझिनचे (कार्बन-नायट्रोजनचे) वलय टिकून राहते आणि शेवटी सायन्युरिक आम्ल साचते, ज्यावर हायड्रॉक्सिल मूलकांचा फारसा परिणाम होत नाही. हे आम्ल मूळ तणनाशकाच्या मानाने सौम्य आहे. काळजी करायची ती डीइथाइलअ‍ॅट्राझिनसारख्या, क्लोरीन अजून शाबूत असलेल्या मधल्या पदार्थांची. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा अ‍ॅट्राझिन आणि असे क्लोरीनयुक्त पदार्थ यांना मिळून आहे. म्हणून एकूण सेंद्रिय कार्बन आणि सुटलेले क्लोराइड आयन दोन्ही मोजावेत.

प्रतिसाद ३:
वरील मुद्द्यांना एक जोड देतो. प्रयोगशाळेत बहुधा शुद्ध पाण्यात, वीज वाहावी म्हणून, सोडियम सल्फेट मिसळून चाचणी होते. नैसर्गिक पाण्यातील बायकार्बोनेट मात्र मूलके खाऊन टाकते. क्लोराइड असल्यास त्यापासून सक्रिय क्लोरीन बनते, त्यामुळे विघटन वेगाने झाल्यासारखे वाटते, पण नवे क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ आणि क्लोरेट तयार होण्याचा धोका राहतो. त्यातच तणनाशक लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतकेच असेल, तर ते इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचण्याचा वेगच मर्यादा घालतो आणि विद्युतदाब वाढवून फक्त विजेचा खर्च वाढतो. अशा वेळी आधी पाणी ढवळण्याची किंवा प्रवाहाची व्यवस्था सुधारावी.