मोहोळकडच्या पाणंद रस्त्यासाठी एटी टायर घ्यावेत का?

पाणंदवाट
मी जुळे सोलापूर भागात राहतो आणि आठवड्यातून दोनदा मोहोळ तालुक्यातील शेतावर जातो. गाडी स्कॉर्पिओ क्लासिक, म्हणजे केवळ मागील चाकांना जोर असणारी असून टायर २३५/६५ आर १७ मापाचे आहेत. पुणे महामार्ग सोडल्यावर थोडा डांबरी रस्ता लागतो आणि शेवटचे चार किलोमीटर पाणंद आहे. त्यातला निम्मा भाग मुरमाचा, निम्मा काळ्या मातीचा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी तेथे इतक्या खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत की गाडीचे पोट मधल्या उंचवट्याला घासते. टायर झिजले असल्यामुळे बदलायचेच आहेत. दुकानदार म्हणतो की २३५/७० मापाचे एटी (ऑल टेरेन, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर घ्या, गाडी उंचही होईल. माझा बहुतांश प्रवास महामार्गावरच होतो, हे लक्षात घेता एटी घ्यावेत का, आणि माप वाढवावे का?

खडीवरचा
मापाचे आधी सांगतो, कारण तेथे निव्वळ गणित आहे. रिमचा व्यास (१७ इंच) ४३२ मिलिमीटर धरून त्यात टायरच्या बाजूची उंची, म्हणजे २३५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ किंवा ७० टक्के, दोनदा मिळवली, की सध्याच्या टायरचा व्यास सुमारे ७३७ आणि सुचवलेल्या टायरचा सुमारे ७६१ मिलिमीटर येतो. फरक २४ मिलिमीटरचा दिसतो खरा, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १२ मिलिमीटर. करंगळीएवढ्या या उंचीने चाकोरीत घासणारे पोट सुटणार नाही. उलट वेगदर्शक आताच्या तुलनेत सुमारे तीन टक्के कमी वेग दाखवू लागेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतून कोठे घासतो का, हेही तपासावे लागेल. माझ्या मते मूळ माप सोडू नये.

टायरच्या बाजूवर मापापुढे अंक आणि अक्षर असते, ते अवश्य वाचावे. १०४ म्हणजे एका टायरने पेलावयाचे वजन ९०० किलो, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरची वेगमर्यादा. भाराचा अंक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेले असते. त्यासाठी दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये.

वाफसा
माझे शेत बार्शीकडे आहे आणि मी एटी टायर वापरतो, म्हणून अनुभवाचे लिहितो. एटीचा खरा उपयोग आपल्याकडे दगडात आहे, चिखलात नाही. गेल्या पावसाळ्यात ओल्या काळ्या रानात गाडी घातली, तेव्हा वीस-पंचवीस पावलांतच नक्षीच्या सगळ्या खाचा मातीने भरून टायर लिंपलेल्या कणगीसारखा गुळगुळीत झाला, आणि नंतर मडगार्डमध्ये ठासलेला गारा खुरप्याने खरवडून काढावा लागला. अधिक रुंद खाचांचा एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा) टायर थोडा अधिक काळ तग धरतो, परंतु महामार्गावरचा त्याचा आवाज आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावताना सुटणारी पकड पाहता तुमच्यासारख्या प्रवासाला तो मुळीच योग्य नाही. वाफसा नसताना आपण औत घालत नाही, तशी गाडीही घालू नये; मुरमावर ठेवून पुढे चालत जावे.

मग मी एटी का घेतला? मुरमातून वर आलेल्या धारदार दगडांसाठी आणि वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी. नक्षी जाड असल्याने काटा आत पोहोचण्याचे प्रमाण माझ्याकडे कमी झाले. मध्यभागाचे पंक्चर काढता येते, पण बाजू फाटली की टायर संपला, म्हणून बाजूला किती थर आहेत हे टायरवरच छापलेले असते ते पाहून घ्या. बदल्यात इंधन थोडे अधिक लागते आणि आवाज वाढतो. पाणंदीत हवा कमी केल्यास पकड सुधारते, मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याच कमी हवेवर महामार्गाला लागणे धोक्याचे आहे, कारण टायरची बाजू सतत दुमडून तापते. पंप गाडीत असेल तरच हवा काढावी, आणि नेहमीची हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी.

पाणंदवाट
दोघांचेही आभार. काल चारही टायर काढून पाहिले. दोन वर्षांतली तीनही पंक्चरे मध्यभागी काट्यांचीच आहेत, पण मागच्या डाव्या टायरच्या बाजूला बोटभर लांबीची चीर गेलेली आहे आणि तिच्यातून आतले धागे दिसतात. ती माझ्या लक्षातही आली नव्हती. मूळ मापाचेच एटी घेण्याचे ठरवले आहे. स्टेपनीही बदलावी का?

खडीवरचा
चीर गेलेला टायर आजच उतरवा, त्यावर मोहोळपर्यंतही जाऊ नका. माप तेच ठेवत असल्याने जुनी स्टेपनी चालेल, मात्र तिच्यावरचे वर्ष आणि हवा पाहून घ्या. गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीची हवा शेवटची कधी मोजली, हे सहसा कोणालाच आठवत नाही.