मदत हवी आहे: द्रावकाच्या वाफेसाठी कोणता मास्क घ्यावा?

मीनल_प (धागाकर्ती)
आमच्या विभागात जोडणीपूर्वी काचेचे भाग पुसून स्वच्छ केले जातात. पाच महिन्यांपूर्वी पुसण्याचे द्रावण बदलले. नवे द्रावण पुसताक्षणी उडून जाते, त्यामुळे काम झपाट्याने उरकते. मात्र दुपारनंतर सगळ्यांचेच डोके दुखू लागते आणि कापडी मास्कचा काही उपयोग होत नाही. मला उद्याच मागणी नोंदवायची आहे, तरी कोणता मास्क घ्यावा एवढेच कृपया लवकर सांगावे.

धूमकेतू
एन-95 घ्या. मी बारा वर्षे तोच वापरतो आहे आणि मला कधीही त्रास झालेला नाही.

जुना_फिटर
धूमकेतू, एन-95 ची गाळणी धुळीचे कण अडवते. वाफ म्हणजे सुटे रेणू. ते त्या गाळणीतून हवेइतक्याच सहजपणे आत जातात. मीनलताई, द्रावणाचे नाव काय, दिवसातून किती तास काम चालते आणि खोलीतील हवा बाहेर कुठून जाते?

मीनल_प
आठ तास काम चालते आणि धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद असतात. पिंपावर फक्त व्यापारी नाव आहे. आम्ही द्रावण छोट्या बाटल्यांत ओतून घेतो, त्यांवर काहीच लिहिलेले नसते. नावाने असा काय फरक पडणार आहे? मी मास्क विचारला होता.

उत्तरायण
सगळा फरक नावानेच पडतो, कारण मास्कची गाळणी आणि हातमोजे त्या रसायनावरूनच ठरतात. पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्या. जीएचएस या रसायनांच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार त्याचे 16 विभाग असतात. तिसऱ्यात घटक व त्यांचे प्रमाण आणि आठव्यात संरक्षणाची साधने दिलेली असतात. आठव्यात 'योग्य हातमोजे वापरावेत' एवढेच मोघम लिहिले असेल, तर ते पत्रक परत पाठवून पूर्ण माहिती मागावी. आणि त्या बिननावाच्या बाटल्यांवर आजच चिठ्ठ्या लावा.

सोनचाफा
दगड किंवा काँक्रीट कापताना पाण्याची धार सोडावी, कारण कोरड्या कापणीतील सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची बसते आणि त्या आजारावर उपाय नाही. आमच्याकडे पाण्याचा वापर सुरू केल्यावर धूळ डोळ्यांना दिसेनाशी झाली.

मीनल_प
आमच्याकडे कापणी होत नाही. पत्रक मिळाले आहे: एन-हेक्सेन 60 ते 70 टक्के, रसायनाचा ओळख क्रमांक (सीएएस) 110-54-3. महत्त्वाची न वाटल्याने एक गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. दोघींच्या हातापायांना महिनाभर मुंग्या येत आहेत. एकीला कोटाचे बटण लावता येत नाही आणि जिना चढताना तिच्या पायाची बोटे पायरीला अडकतात.

शरयू_डॉ
मीनलताई, हीच या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. एन-हेक्सेनचे शरीरात 2,5-हेक्सेनडायोन तयार होते आणि ते चेतातंतूंना इजा करते. सर्वांत लांब तंतू आधी निकामी होत असल्यामुळे त्रास पायांच्या आणि हातांच्या बोटांपासून सुरू होतो. चीनमधील सुझोऊ येथे 2009 मध्ये फोनच्या पडद्याची काच पुसण्यासाठी अल्कोहोलच्या जागी, लवकर वाळते म्हणून, हेच द्रावक आणले गेले आणि 137 कामगारांना इजा झाली. दोघींना आजच त्या कामावरून हटवा आणि माहितीपत्रक सोबत देऊन डॉक्टरांकडे पाठवा. संपर्क थांबल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

धूमकेतू
मुंग्या बहुतेक वेळा ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतात. उगाच घबराट कशाला?

शरयू_डॉ
ब-12 ची तपासणी अवश्य करावी. परंतु एकाच टेबलावर काम करणाऱ्या दोघींना, द्रावण बदलल्यानंतरच, एकाच सुमारास हा त्रास व्हावा, याचे कारण आधी त्या टेबलावरच शोधले पाहिजे. उरलेल्या सर्वांचीही तपासणी व्हावी.

मीनल_प
मग वाफ शोषणारी गाळणी असलेला मास्क सर्वांना दिला, तर काम चालू ठेवता येईल का?

उत्तरायण
सेंद्रिय वाफेची गाळणी लागेल, पण केवळ रंगावरून ती घेऊ नका. युरोपीय मानकात तिचा पट्टा तपकिरी असतो, तर अमेरिकेत काळा. ती ठरावीक वेळाने बदलावी लागते आणि दाढीमुळे कडा चेहऱ्याला नीट बसत नाही. मास्क हा शेवटचा उपाय आहे. पूर्वीचे द्रावण चालत होते, तर तेच परत आणा. हेक्सेनसाठी अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेची कायदेशीर मर्यादा 500 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 500 भाग) आहे आणि तिथल्याच निऑश या संशोधन संस्थेची शिफारस 50 ची. त्यामुळे 'मर्यादेच्या आत आहोत' एवढ्यावर कोणी समाधान मानू नये.

धूमकेतू
छतालगत मोठा पंखा बसवला तरी पुरेल.

जुना_फिटर
कृपया तसे करू नका. मी पूर्वी जिथे काम करत होतो, तिथे नेमका तसाच पंखा बसवला होता आणि टेबलावरची वाफ माणसाच्या तोंडासमोरून वर ओढली जात होती. हेक्सेनची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. तिला टेबलाच्या मागच्या कडेलाच, काम करणाऱ्याच्या समोरून पलीकडे, खेचून घेणारी वाहिनी हवी. शिवाय हे द्रावक उणे 22 अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ देते, त्यामुळे साध्या मोटारीची ठिणगी भोवू शकते.

मीनल_प
हेक्सेनचे पिंप आजच बंद करून बाजूला ठेवले. उद्यापासून पूर्वीचे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणार आहोत, काम मंदावले तरी चालेल. दोघी उद्या सकाळी तपासणीला जात आहेत आणि मी स्वतः त्यांच्यासोबत जाणार आहे. आता एकच विचारायचे राहिले: हेक्सेनने भिजलेल्या चिंध्या उघड्या डब्यात साठल्या आहेत, त्यांचे काय करावे?

जुना_फिटर
घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरा आणि डबा त्या खोलीबाहेर, ठिणगीपासून दूर ठेवा. साध्या कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा म्हणूनच त्यांची विल्हेवाट लावा. ज्या हातांनी त्या उचलाल, त्यांत नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर) मोजे असू द्या.