स्किनहेड बँडवाल्यांची आत्मचरित्रं वाचायची का? वाचायची तर कुठली?

पक्या_टिळकवाडी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा हाय. मी इथं बेळगावात एका बँडमध्ये ड्रम वाजवतो (कॉलेज फेस्ट, कधीतरी गोव्याला एखादा कार्यक्रम, फार काय नाही). आमच्या बेसवाल्याला कुठून तरी स्क्रूड्रायव्हर नावाच्या जुन्या इंग्लिश स्किनहेड (म्हणजे डोकं भादरलेली पोरं) बँडची गाणी मिळाली. पयल्यांदा 1977 ची ऐकली, साधा पंक, मस्त वाटलं. मग नंतरची लावली आणि शब्द कळायला लागले तसा हेडफोनच काढून ठेवला, कारण तुमच्या-आमच्यासारख्या कातडीच्या लोकांना देशाबाहेर हाकला असंच सगळं. बेसवाला म्हणतो शब्द सोड रे, गिटार ऐक. मला ते काय पचेना. आता मला कळून घ्यायचंय की पोरगं बँड काढतं आणि मग असं कसं होतं. त्यांच्यातल्याच कुणी स्वतः लिहिलंय का? आणि लिहिलं असलं तर खरं किती धरायचं? त्या गायकावरची एक पीडीएफ मिळाली पण वाचताना कुणीतरी आरती म्हणायलंय असं वाटलं.

वाचनवेडा_निपाणी
पक्या, ती आरतीच असणार. इयन स्टुअर्ट डोनाल्डसन, म्हणजे त्या बँडचा गायक, 1993 च्या सप्टेंबरात डर्बीशायरमध्ये गाडीच्या अपघातात गेला, वय 36. त्याने स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं नाही, त्यामुळे जे फिरतंय ते भक्तांचं. पण त्यातलं एक पुस्तक मजेशीर आहे, म्हणजे पुस्तक नाही, त्याचा लेखक. 1987 ला बँडच्या पहिल्या दहा वर्षांवर जो पियर्सने पुस्तक काढलं. हा नॅशनल फ्रंटचा, म्हणजे ब्रिटनमधल्या कट्टर उजव्या, वंशवादी पक्षाचा माणूस, मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्या पोरांसाठीचं ‘बुलडॉग’ नावाचं पत्रक चालवायचा, वंशद्वेष भडकवल्याबद्दल दोनदा तुरुंगात जाऊन आला. पुढं चेस्टरटन हा इंग्लिश कॅथलिक लेखक वाचता वाचता फिरला, 1989 ला कॅथलिक झाला, आणि 2013 ला त्यानेच ‘रेस विथ द डेव्हिल’ म्हणून आत्मकथन लिहिलं ज्यात आधीचं सगळं चुकलं म्हणतो. म्हणजे आरती पण त्याचीच आणि प्रायश्चित्त पण त्याचंच. हा स्वतः वाजवणारा नाही, पडद्यामागचा गडी, पण म्हणूनच त्याचं वाच, कारण स्टेजवर कोण चढवतं ते कळतं. बँडचं 1983 चं कुप्रसिद्ध गाणं नॅशनल फ्रंटच्याच लेबलवर निघालं होतं, व्हाइट नॉइज त्याचं नाव. पुढं पैसा आणि ताबा यावरून बँडचं आणि फ्रंटचं फाटलं आणि 1987 ला डोनाल्डसनने ‘ब्लड अँड ऑनर’ हा असल्याच बँडांचा वेगळा संसार मांडला. गोऱ्यांच्या एकीची गाणी म्हणणारे हिशेबावरून भांडले, आपल्याकडच्या भावकीसारखंच.

आणि एक, बोडकं डोकं म्हणजे नाझी असं धरून चालू नकोस. 1960 च्या दशकाच्या शेवटी लंडनचे पहिले स्किनहेड जमैकन पोरांच्यात मिसळून स्का आणि रेगेवर नाचायचे. ते नंतर नासवलं. 1987 ला न्यूयॉर्कमध्ये वंशद्वेषाविरुद्धच्या स्किनहेड्सनी ‘शार्प’ काढलं, आणि ते ब्रिटनमध्ये आणलं कार्डिफच्या दि ऑप्रेस्ड बँडच्या रॉडी मोरेनोने.

शहापूरचे_काका
वरच्या दोघांचं वाचलं. मला संगीतातलं काही कळत नाही पण आमचे थोरले चुलते 1974 ला लंडनला गेले, हाउन्स्लोला राहायचे, विमानतळावर कामाला. साउथॉल तिथून जवळ, पीठ-मसाले-भाजी सगळं तिथूनच आणायचे. 3 जुलै 1981 ला त्या साउथॉलमध्ये हॅम्बरो टॅव्हर्न नावाच्या पबात तीन बँडचा कार्यक्रम होता, दि फोर स्किन्स, दि बिझनेस आणि दि लास्ट रिसॉर्ट. ईस्ट लंडनकडून बसा भरभरून स्किनहेड पोरं आली, येताना रस्त्यावरच्या आपल्या लोकांच्या दुकानांच्या काचा फोडल्या, बायकामाणसांना शिव्या दिल्या. 1976 ला तिथंच गुरदीप सिंग चग्गर या 18 वर्षांच्या पोराचा खून झाला होता, ते कोण विसरलं नव्हतं. मग तिथली पोरं जमली आणि रात्रीपर्यंत तो पब जळून गेला. चुलते त्या वेळी बसमध्ये अडकले होते, चालत घरी गेले.

बँडवाले नंतर म्हणत राहिले की आम्ही नाझी नाही, आम्ही फक्त गाणी म्हणायला आलो होतो. असेलही. पण ते जे ऑय! संगीत (रांगड्या पंकचा एक प्रकार) वाजवत होते त्याचा त्याच वर्षी एक संग्रह निघाला, त्याच्या नावात हिटलरच्या काळातल्या घोषणेचा वास आणि कव्हरवर निकी क्रेन नावाचा नाझी गुंड. चुलत्यांचं म्हणणं एकच असायचं, गाणारा काय मनात धरून आला ते मला काय माहीत, मी काचा बघितल्या.

उद्यमबाग_ते_श्टुटगार्ट
काका, भारी लिहिलंय. मी मूळ उद्यमबागचा, फाउंड्रीत घडलो, आता सहा वर्षं इकडं आहे. जर्मनीचं गणित वेगळं बगा. इथं असली गाणी उघड विकता येत नाहीत, म्हणून लांडसर नावाच्या बँडने सगळं चोरून केलं, सीड्या बाहेरच्या देशात छापून आणायच्या, नावं लपवायची, हातोहात वाटायच्या. 2003 च्या डिसेंबरात बर्लिनच्या कोर्टाने सांगितलं की हा बँड म्हणजे गुन्हेगारी संघटनाच आहे, गायक मिषाएल रेगेनरला 3 वर्षं 4 महिने, आणि 2005 ला वरच्या कोर्टाने ते कायम केलं. बँडच गुन्हेगारी टोळी ठरणं हे जर्मनीत पहिल्यांदाच झालं. हा गडी सुटून आला आणि परत गायला लागला, म्हणजे पश्चात्तापाचं पुस्तक प्रत्येक जण लिहीत नाही हे पण लक्षात ठेव. दुसऱ्या टोकाला फ्रँकफर्टचे ब्योझे ऑन्केल्झ, 1980 चा बँड, सुरुवातीला स्किनहेड, 1984 चा पहिला अल्बम सरकारने पोरांसाठी घातक म्हणून यादीत टाकला, मग ते त्या गोतावळ्यातून बाहेर पडले आणि आता स्टेडियमं भरवतात. त्यांच्यावर 1997 चं जाडजूड चरित्र आहे पण ते त्यांच्या मर्जीतलं, जवळच्याच माणसाने लिहिलेलं. ऑफिसात चहाला त्यांचं नाव काढलं की अर्धी लोकं म्हणतात सुधारले, अर्धी म्हणतात धंदा बदलला, आणि चहा गार होतो.

सई_खानापूर
पक्या, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर कुणीच आलं नाही, खरं किती धरायचं. मी यातली दोन-तीन वाचलीत, अमेरिकन आहेत पण हीच साखळी. क्रिस्चन पिचोलिनीचं बघ, शिकागोजवळचा, आईबाप इटलीहून आलेले, 14 वर्षांचा असताना गल्लीत एका मोठ्या स्किनहेडने गाठला आणि दोन-चार वर्षांत हाच बँडचा गायक. 1992 ला त्याचा बँड जर्मनीत वायमारला वाजवून आला. पुढं रेकॉर्डचं दुकान काढलं, गल्ला भरायचा तो द्वेषाच्या गाण्यांवर, पण दुकानात काळे-ज्यू गिऱ्हाईकही यायला लागले आणि त्यांच्याशी बोलताना याला लाज वाटायला लागली, मग ती गाणी काढून टाकली तर दुकानच बसलं. हा भाग मला खरा वाटतो कारण त्यात त्याचा तोटा आहे. जिथं लेखक रडतो, पावसात चालतो, त्याला प्रकाश दिसतो, तिथं मी दोन पानं उलटते 😅

या सगळ्या पुस्तकांची एकच खोड आहे. मारणाऱ्याला बालपण असतं, आई असते, पहिली गिटार असते, आणि मार खाल्लेल्याला नाव पण नसतं, ‘एक काळा मुलगा’ एवढंच. म्हणून माझं मत, सुरुवात ‘द गिफ्ट ऑफ अवर वुंड्स’ पासून कर, 2018 चं. आर्नो मायकेलिस, सेंच्युरियन बँडचा गायक, ज्याच्या सीड्या 20,000 खपल्या, आणि परदीप सिंग कालेका, दोघांनी मिळून लिहिलंय. 5 ऑगस्ट 2012 ला विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात गोळीबार झाला त्यात परदीपचे वडील सतवंत सिंग गेले, ते गुरुद्वाराचे अध्यक्ष होते. मारणारा वेड मायकल पेज हा पण याच गाण्यांच्या जगातला, गिटार वाजवणारा. आर्नोने स्वतःच्या पश्चात्तापावर 2010 लाच एक पुस्तक लिहिलं होतं, पण या दुसऱ्यात समोर माणूस बसलाय म्हटल्यावर त्याला मनाला येईल तसं लिहिता येत नाही, फरक कळतो वाचताना.

आणि बेसवाल्याला सांग, गिटार आणि शब्द वेगळे निघत नाहीत. आमच्याच गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर एक गाणं लागलं, शेजारच्यांना शिव्या घालणारं, माझा भाचा 12 वर्षांचा, बेभान नाचत होता, शेजारी त्याचा कन्नड मित्र पण नाचत होता, दोघांना शब्दांशी काय घेणं नव्हतं. माझी वहिनी धारवाडची, ती गुमान घरात गेली.

सीमाभागी_56
सईताई, बाकी ठीक पण शेवटचं खटकलं. आम्ही 1 नोव्हेंबरला काळ्या पट्ट्या बांधून मूक फेरी काढतो, कोर्टात सीमाप्रश्नाची केस 2004 पासून पडून आहे, आणि तुम्ही आम्हाला नाझींच्या पंगतीत बसवता?

सई_खानापूर
दादा, पंगतीत कुणाला बसवलं नाही. माझे आजोबा त्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेत, मला नका शिकवू. मूक फेरीबद्दल मी एक शब्द बोलले नाही, डॉल्बीबद्दल बोलले. मूक फेरीत वहिनी आत पळून जात नाही.

सीमाभागी_56
बरं. डॉल्बीचं मात्र खरंय, आमच्या मंडळात पण त्यावरून दरवर्षी वाजतं.

पक्या_टिळकवाडी
सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. पीडीएफ उडवली. सईताई म्हणतात ते पुस्तक आधी, मग पियर्सचं. बेसवाल्याला हा धागा वाचायला दिला तर तो म्हणतो 1977 चा अल्बम तरी ठेवूया की, त्यात तसलं काय नाही. त्यावर अजून आमचं भांडण चालूच हाय. शहापूरचे काका, चुलत्यांनी त्या वेळी घरी काही लिहून कळवलं होतं काय? असलं तर स्कॅन करून टाका की.

शहापूरचे_काका
पत्रं यायची, ती निळी घडीची. आमच्या आईने एकूणएक जपून ठेवलेली, माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. 81 च्या पत्रात साउथॉलचं काही असेल का शंकाच आहे, कारण घरी काळजी करतील म्हणून चुलते फक्त थंडी आणि पगाराचं लिहायचे. पाऊस उघडला की ट्रंक उन्हात काढतो, वाळवीने काय ठेवलंय ते बघू.