मॉरिस मायनरला मारुती ऑम्नीचे डिस्क ब्रेक बसवावेत का? जाणकारांची मदत हवी आहे

मंडळी, माझ्याकडे १९५४ सालची, ८०३ सीसी इंजिनाची मॉरिस मायनर आहे. (आपल्याकडे हीच गाडी काही काळ ‘बेबी हिंदुस्तान’ या नावानेही विकली जात असे.) तिच्या पुढच्या चाकांना मारुती ऑम्नीचे डिस्क ब्रेक बसवण्याचा विचार आहे. ज्यांनी असा बदल स्वतः केला आहे किंवा करून घेतला आहे, त्यांचे मत काम हाती घेण्यापूर्वी हवे आहे.

गाडीला चारही चाकांना सात इंची ड्रम आहेत. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही, आणि ब्रेकची संपूर्ण योजना एकाच सर्किटवर चालते. ड्रम टर्न करून घेतले आहेत, शूंना नवे लायनर लावले आहेत आणि व्हील सिलिंडरही नवे आहेत. त्यामुळे पुण्यात फिरताना काही तक्रार नाही. अडचण येते ती चार माणसे घेऊन पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, तरी घाटाच्या शेवटच्या टप्प्यात पेडल खाली जाऊ लागते आणि थोडा वेळ थांबले की पूर्ववत होते. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो आणि लायनरची पकडही कमी होते, हे उघड आहे. म्हणजे हा दोष दुरुस्तीचा नसून मूळ योजनेच्या मर्यादेचा आहे.

ऑम्नीच निवडण्याचे कारण असे की मारुती ८०० च्या पुढच्या हबमधून ड्राइव्ह शाफ्ट जातो, त्यामुळे तो हब आपल्या उपयोगाचा नाही. ऑम्नीची मागची चाके ओढतात आणि पुढचा हब साध्या स्टब अ‍ॅक्सलवर फिरतो. शिवाय तिची चाके बारा इंची असल्यामुळे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला पॅडने पकडणारा भाग) मायनरच्या चौदा इंची चाकात व्यासाने सहज मावतात. सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात, हा फायदाही लहान नाही.

तरीही ऑम्नीचा हब जसाच्या तसा घ्यावा, असे मला वाटत नाही. मायनरच्या चाकाचे चार बोल्ट चार इंची, म्हणजे १०१.६ मिमी व्यासाच्या वर्तुळावर आहेत आणि ऑम्नीचे ११४.३ मिमीवर. एका टर्नरने ‘चाकाची भोके लांबट करून देतो, काही होत नाही’ असे सुचवले, तेव्हा मी नमस्कार करून बाहेर पडलो. हल्लीच्या अनेक गाड्यांच्या हबवर हे वर्तुळ १०० मिमीचे असते आणि मायनरचे चाक त्यावर ओढूनताणून बसवताही येते, परंतु तसे बसवलेले नट कधी ना कधी सैल होणारच. म्हणून हब आणि बेअरिंग मायनरचेच ठेवावे, ऑम्नीची फक्त डिस्क मधून बोअर करून पोलादी अ‍ॅडाप्टरवर बसवावी आणि कॅलिपरसाठी स्टब अ‍ॅक्सलच्या फ्लँजवर, जिथे आज ब्रेकची बॅकप्लेट बसते तिथे, ब्रॅकेट घ्यावे, असा माझा बेत आहे. चाक बाहेर ढकलणारा स्पेसर मात्र मला टाळायचा आहे, कारण मायनरच्या किंगपिनचे आट्याचे ट्रनियन (पुढचे चाक ज्यावर वळते ते सांधे) आधीच नाजूक असतात.

या ब्रॅकेटची चिंता मला सर्वांत जास्त वाटते. भरलेली गाडी १०५० किलोची, मंदन ०.८ जी आणि पुढच्या चाकांचा वाटा सुमारे ६५ टक्के धरला, तर पॅडपाशी, म्हणजे केंद्रापासून सुमारे नऊ सेंटिमीटरवर, प्रत्येक बाजूला साधारण ८५० किलोचा भार येतो. तो सगळा या ब्रॅकेटने आणि त्याच्या बोल्टने पेलायचा आहे. दहा मिमी जाडीची साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट पुरेल की एन-८ सारखे अधिक मजबूत पोलाद घ्यावे? बोल्ट ८.८ दर्जाचे चालतील की १०.९ चे लागतील?

दुसरा प्रश्न दाबाच्या वाटणीचा आहे. मायनरच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू लीडिंग असल्यामुळे ते फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच ओढले जाऊन घट्ट होतात. डिस्कला ही फुकटची मदत नसते, म्हणून पेडल अधिक जोराने दाबावे लागणार. तो वाढीव दाब एकाच सर्किटमुळे मागच्या ड्रमकडेही जाणार आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी लॉक होणार. पावसाळी घाटात गाडीची शेपूट पुढे येणे हे तापलेल्या ब्रेकपेक्षा वाईट. यावर मागे कमी व्यासाचे व्हील सिलिंडर लावावेत की प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागे जाणारा दाब कमी करणारी झडप)? मला सिलिंडरचा उपाय अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात कोणी नॉब फिरवून जाण्याची भीती नसते.

मास्टर सिलिंडर तर खास मायनरच्याच तऱ्हेचा आहे: चालकाच्या पायाखाली, चॅसीच्या पट्टीत लपलेला, ७/८ इंच बोअरचा. तो कॅलिपरपेक्षा खाली असल्यामुळे गाडी उभी असताना ऑइल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या वाटेवर सुमारे २ पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पाइपात थोडा दाब राखणारी झडप) लागतो. ड्रमसाठी हाच आकडा १० च्या आसपास असतो आणि तो डिस्कला दिला तर पॅड घासत राहतात. म्हणजे मूळचा चेक व्हॉल्व्ह काढून पुढच्या-मागच्या वाटांवर वेगळे व्हॉल्व्ह बसवावे लागतील. असे व्हॉल्व्ह भारतात कोणी वापरले आहेत का? या जागी टँडम (दोन स्वतंत्र सर्किटांचा) मास्टर सिलिंडर कोणी बसवला असेल, तर त्याचे पेडल कसे जोडले, तेही कळवावे. ऑम्नीचा बूस्टर पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये बसणारा असल्याने इथे निरुपयोगी आहे.

पाइपच्या नटांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. मायनरचे आटे ३/८ इंची आणि मारुतीचे १० मिमीचे. इंची नट मिमीच्या भोकात फिरतो, थोडा धरल्यासारखाही वाटतो आणि दाब येताच सुटू शकतो. म्हणून दोन्ही टोकांना योग्य ते नट घालून नवे पाइप फ्लेअर करून घेणार आहे.

हे सगळे वाचून ‘मूळ गाडीला हात लावू नका’ असे सांगणाऱ्यांचा मला आदर आहे. चॅसीवर वेल्डिंग करायचे नाही आणि मूळ बॅकप्लेट, ड्रम जपून ठेवायचे, हे ठरलेलेच आहे. १९६२ नंतरच्या १०९८ सीसी मायनरचे आठ इंची ड्रम लावणे हा सौम्य उपाय इंग्लंडमध्ये पूर्वीपासून रूढ आहे. घाटासाठी तेवढे पुरेल असे कोणाचे अनुभवाचे मत असेल, तर मी डिस्कचा नाद सोडायला तयार आहे.

कायद्याची बाजूही पाहावी लागेल. गाडीत बदल करण्यावर बंधने घालणाऱ्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली आहे. २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत गाडी मूळ रूपात असण्याची अट आहे. त्यात चॅसी, बॉडी आणि इंजिन यांतील बदलांचा उल्लेख आहे, ब्रेकचा वेगळा नाही. व्हिंटेज नोंदणीचा ‘व्हीए’ क्रमांक घेताना डिस्क ब्रेकवर आक्षेप आल्याचा कोणाचा अनुभव असल्यास कृपया सांगावा.

शेवटी, कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ ड्रॉइंगप्रमाणे ब्रॅकेट कापून देणारा आणि पोलादाचे टेस्ट सर्टिफिकेट हातात ठेवणारा कारखाना माहीत असेल, तर तोही सुचवावा.