फर नको, पण चामडे चालते: या भूमिकेला आधार कोणता?

प्रश्न : सांजवारा (टोरांटो)

येथील जुन्या पार्कांच्या, म्हणजे थंडीत घालायच्या जाड कोटांच्या टोपीला बहुधा कायोटी या लांडग्यासारख्या रानटी प्राण्याच्या फरची झालर असते. असा एक वापरलेला, उत्तम स्थितीतला पार्का मला स्वस्तात मिळत होता. फर अंगावर वागवणे पटत नाही म्हणून मी तो घेतला नाही. त्यावर एका सहकाऱ्याने विचारले की, तुझे बूट आणि पट्टा चामड्याचे आहेत, घरी रविवारी मटण शिजते, समारंभाला पत्नी पैठणी नेसते. मग कायोटीनेच असे कोणते पुण्य केले आहे? प्रश्न खोचक असला तरी गैरलागू नाही. चामडे मांसाबरोबर ओघाने येते आणि फरसाठी मात्र प्राणी मुद्दाम मारला जातो, हा नेहमीचा युक्तिवाद मला ठाऊक आहे, परंतु त्यात रेशीम कोठेच बसत नाही. शिवाय कायोटी हा पिंजऱ्यात वाढवलेला प्राणी नसून रानात मोकळा हिंडलेला असतो, आणि ही गोष्ट ब्रॉयलर कोंबडीच्या बाबतीत कोणी म्हणू शकणार नाही. तेव्हा फर, चामडे, लोकर आणि रेशीम यांच्यात नैतिक फरक करता येतो का, आणि येत असल्यास तो नेमका कशाच्या आधारे, याविषयी जाणकारांचे मत वाचायला आवडेल. सर्वांनी शाकाहारी व्हावे की नाही, हा वाद कृपया येथे नको.

उत्तर : रानवाटा

फरक करता येतो, असे माझे मत आहे. मात्र तो कातड्यावर केस आहेत की नाहीत यावरून ठरत नाही. प्राणी कशासाठी मारला गेला, मारला जाईपर्यंत तो कसा जगला आणि त्या वस्तूवाचून माणसाचे किती अडते, यांवरून तो ठरतो. त्यातही माझ्या दृष्टीने मधला प्रश्न सर्वांत वजनदार आहे, आणि आपल्या चर्चांमध्ये नेमका तोच मागे पडतो.

मिंकचे उदाहरण घ्या, कारण जगातील फरचा मोठा हिस्सा सापळ्यांतून नव्हे, तर पिंजऱ्यांतून येतो. मिंक हा एकटा राहणारा, पाण्याकाठी शिकार करणारा मांसाहारी प्राणी आहे. फार्मवर त्याला सुमारे पाव चौरस मीटर क्षेत्रफळाचा तारेचा पिंजरा मिळतो, त्याला लागून एक लहानशी पेटी असते आणि दोन्ही बाजूंना तसेच पिंजरे असतात. एप्रिल-मेमध्ये जन्मलेली पिल्ले हिवाळी केस पूर्ण भरले की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वायूने मारली जातात. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिंकना निरनिराळ्या सोयींपर्यंत पोहोचण्यासाठी जड दारे ढकलावी लागत होती, आणि सर्वाधिक जोर त्यांनी पोहण्याच्या पाण्यासाठी लावला. ते पाणी बंद केल्यावर त्यांच्या शरीरात ताणाचे संप्रेरक वाढले, आणि ही वाढ अन्न तोडल्यावर होणाऱ्या वाढीच्या जवळपास होती. गाय, शेळी, मेंढी ही हजारो वर्षे माणसाजवळ राहून माणसाळलेली आणि कळपाने राहणारी जनावरे आहेत. मिंकला पिंजऱ्यात येऊन जेमतेम दीडशे वर्षे झाली आहेत. पूर्ण लांबीच्या एका कोटासाठी असे ५० ते ६० प्राणी लागतात. हा कोट थंडीसाठीच हवा असतो, असे म्हणणे दुकानातील त्याची किंमत पाहिल्यावर कठीण जाते.

ब्रिटनने २००० साली कायदा करून फर फार्मिंगवर बंदी घातली, तेव्हा तिचे समर्थन सार्वजनिक नीतिमत्तेच्या आधारे करण्यात आले: केवळ फरसाठी प्राणी पाळून मारणे समाजाच्या नीतीत बसत नाही, इतकेच. फरच्या विक्रीला मात्र त्या कायद्याने हात लावला नाही, त्यामुळे परदेशात कापलेला मिंक तेथे विकता येत राहिला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये नेमके उलटे केले आणि नव्या फरची विक्री बंद करणारा कायदा केला. पण चामड्याला आणि लोकरीसकट कमावलेल्या मेंढीच्या कातड्याला वगळले. म्हणजे कायदे करणाऱ्यांनाही प्राण्याचा दुसरा उपयोग होतो की नाही, हीच कसोटी सोयीची वाटली. मला ती अपुरी वाटते. ज्या ब्रिटनमध्ये मिंकचे पिंजरे हटले, तेथे पक्क्या बंद शेडमध्ये वाढणारी डुकरे अजूनही आहेत, आणि त्यांच्या मांसाबरोबर कातडेही मिळते म्हणून त्या डुकरांचे जगणे सुसह्य होत नाही.

आपल्या कायोटीबद्दल सांगायचे तर, तो मोकळा जगला हे खरे, पण मरण मात्र सापळ्यात आले. युरोपीय संघ, कॅनडा आणि रशिया यांच्यात १९९७ मध्ये सापळ्यांच्या मानकांविषयी करार झाला. त्यानुसार, मारक सापळ्यात सापडलेल्या बहुतेक जातींच्या प्राण्यांची शुद्ध ३०० सेकंदांच्या आत हरपली पाहिजे. दयेची म्हणून ठरवलेली ही मुदत पाच मिनिटांची आहे, आणि तीही दर शंभरांतील ऐंशी प्राण्यांच्या बाबतीत पाळली गेली तरी सापळा उत्तीर्ण होतो. पाय पकडून धरणाऱ्या सापळ्यात तर प्राणी सापळेवाला येईपर्यंत जिवंतच असतो. ब्रॉयलरचे सहा आठवडे आणि कायोटीची शेवटची रात्र यांची तुलना कशी करावी, याचे सोपे माप माझ्याकडे नाही. सक्तीने निवड करायची वेळ आली तर कायोटीचे आयुष्य मी बरे म्हणेन.

उत्तर : हिरडाबाभूळ (कोल्हापूर)

आमच्या घरी तीन पिढ्या वहाणांचे काम चालत आले आहे, म्हणून चामड्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो. कोल्हापुरीच्या तळाला म्हशीचे जाड कातडे लागते आणि वेणीसाठी, बारीक वाद्यांसाठी शेळीचे. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते आठवडेच्या आठवडे मुरत ठेवावे लागते. क्रोमियमच्या क्षारांनी एका दिवसात कातडे कमावतात, तसे ते नसते. शेळी कोणीही कातड्यासाठी कापत नाही. खाटकाला मटणाचे जे मिळते, त्यापुढे कातड्याचे पैसे किरकोळ असतात, आणि भाव पडला की कातडी उचलायलाही कोणी येत नाही. त्यामुळे मी वहाणा करणे थांबवले तर एक शेळी वाचेल, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मिंकच्या बाबतीत मात्र कोट विकला गेला नाही, तर पुढच्या वर्षी पिंजराच भरला जाणार नाही. हा फरक मला खरा वाटतो.

राज्यात २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल आणि वळू यांनाही लागू झाला, आणि तेव्हापासून चांगले कातडे बाहेरून आणावे लागते. बैल कापला जात नाही म्हणून तो कायम गोठ्यात उभा राहतो, असेही होत नाही. तो कोठे जातो, हे गावाकडच्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

येथे कोणीतरी लवकरच 'अहिंसक चामडे' सुचवणार, म्हणून आधीच लिहितो. वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या प्रेरणेने चर्मालय चालले, ते नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर. जनावराच्या बाजूने पाहिले तर याहून निर्मळ चामडे असू शकत नाही. पण मेलेले जनावर गावाबाहेर ओढत कोणी न्यायचे, ते कोणी सोलायचे, आणि त्या कामाबद्दल त्याला गावात पाणवठा तरी खुला होता का? १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढे अनेक गावांत लोकांनी मढी ओढण्याचे कामही नाकारले, त्यासाठी बहिष्कार आणि मारहाण सोसली. ज्या चामड्यात जनावराला इजा नाही, त्यात माणसाला किती होती, हे वगळून नीतीचा हिशेब मांडला तर तो अर्धाच राहतो. फरच्या वादात जनावर आणि ग्राहक एवढे दोघेच दिसतात. मधला माणूस कोणाला दिसत नाही.

उत्तर : चंद्रिका (जालना जिल्हा)

सांजवारा यांनी रेशमाचा उल्लेख केला आणि पुढच्या दोघांनी तो टाळला. आमच्याकडे तुतीची लागवड आहे. अळ्या चंद्रिकेवर, म्हणजे त्यांच्यासाठी ठेवलेल्या चौकटीवर, चढून कोष विणतात, आम्ही ते कोष बाजारात नेतो, आणि कोषातून धागा काढणारा गरम हवेने किंवा वाफेने आतला जीव मारतो, कारण पतंग बाहेर पडला तर सलग धागा तुटतो. एक किलो कच्च्या रेशमाला साडेसहा-सात किलो ओले कोष लागतात आणि एका किलोत पाचशे-सहाशे कोष बसतात. म्हणजे किलोमागे साधारण साडेतीन ते चार हजार जीव, आणि तेही केवळ धाग्यासाठी मारलेले. प्राणी कशासाठी मारला, ही कसोटी खरी मानायची तर रेशीम फरच्या रांगेत उभे राहते, चामड्याच्या नाही. तरीही आपल्या घरांत सोवळ्याला मुकटा किंवा कद चालतो आणि चामड्याचा पट्टा देवघराबाहेर काढून ठेवावा लागतो. त्याच देवासमोर वाजणाऱ्या पखवाजाला शेळीचे कातडे असते, आणि मुंजीत बटूला अजिन म्हणून हरणाच्या कातड्याचा तुकडा देण्याची चाल आहे. शुद्ध-अशुद्धाच्या या व्यवस्थेचा प्राण्याच्या दुःखाशी संबंध नाही, हे एकदा मान्य केले की बोलणे सोपे जाते.

अळीला मिंकइतके दुःख होते, असे मला वाटत नाही. तिची मज्जासंस्था फार साधी आहे, आणि पतंग झाली तरी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या या जातीला धड उडता येत नाही की खाता येत नाही. पण 'वाटत नाही' एवढ्यावर चार हजारांचा हिशेब मिटतो का, हे मी ठरवू शकलेलो नाही. आसामातील एरी रेशमाचा कोष एका बाजूने उघडा असतो, म्हणून ते 'अहिंसा रेशीम' म्हणून शहरांत चढ्या भावाने विकले जाते. परंतु एरीच्या अळ्या-कोषकांचे तेथे आवडीने कालवण करतात, ही गोष्ट त्या दुकानांत कोणी सांगत नाही. मला विचाराल तर मारलेल्या जीवाचा धागाही वापरला आणि तो जीवही खाल्ला, हे अधिक सरळ आहे.

उत्तर : ध्रुवमत्स्य (ओटावा)

मी काही काळ नुनावुटमध्ये, म्हणजे कॅनडाच्या अतिउत्तरेकडील इन्युइट या मूळ रहिवाशांच्या प्रदेशात, नोकरी केली आहे, म्हणून तिसऱ्या कसोटीबद्दल लिहितो, म्हणजे गरजेबद्दल. तेथे टोपीच्या कडेची फर शोभेसाठी नसते. ती चेहऱ्याभोवती वारा अडवून हवेचा एक थर धरून ठेवते, आणि वुल्व्हरिन या उत्तरेकडील रानटी प्राण्याच्या केसांवर श्वासाचा बर्फ धरला तरी तो हाताने झटकून टाकता येतो. सील मारला की त्याचे मांस घरोघर वाटले जाते, जमिनीवर पुठ्ठा अंथरून लोक भोवती बसून ते खातात, आणि कातडे बूट व हातमोज्यांसाठी जाते. रानवाटा यांच्या तिन्ही कसोट्यांवर हा प्राणी कोल्हापुरीच्या शेळीपेक्षाही वर उतरतो.

आता परिणाम पाहा. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी आणली. इन्युइट लोक ती पिल्ले मारतच नव्हते. ते प्रौढ रिंग्ड सील मारत. तरीही सगळ्याच सीलच्या कातड्यांचा बाजार कोसळला आणि बंदुकीच्या गोळ्या व इंधन यांसाठी लागणारा रोख पैसा त्यांच्या हातून गेला. २००९ च्या युरोपीय बंदीत इन्युइट शिकारीला सूट ठेवली होती, पण ग्राहकच उरला नसल्यामुळे ती कागदावरच राहिली. 'फर म्हणजे क्रौर्य' ही घोषणा छोटी आणि प्रभावी आहे, यात शंका नाही. मिंकच्या पिंजऱ्यावर रोखलेली ती घोषणा सर्वांत आधी लागली ती ज्यांना पर्याय नव्हता त्यांना. मोठ्या फॅशनगृहांचे काय झाले? गुच्चीने २०१७ मध्ये आणि प्राडाने २०१९ मध्ये फर सोडत असल्याचे जाहीर केले. चामड्याच्या पिशव्या दोघांकडेही दिमाखात विकल्या जात राहिल्या.

सांजवारा (टोरांटो)

सर्वांचे आभार. मला जे समजले ते असे की, फरला वेगळे काढण्याचे कारण फर नसून पिंजरा आहे, आणि माझा आक्षेप खरा असेल तर तो पार्क्याच्या झालरीआधी माझ्या ताटातील कोंबडीला लागू होतो. सहकाऱ्याला हे कबूल करणे थोडे अवघड जाईल. एक व्यावहारिक शंका उरली आहे: नकली फरची झालर असलेला पार्का घेतला तर प्रश्न सुटतो का?

उत्तर : रानवाटा

प्राण्याचा सुटतो, बाकीचा नाही. नकली फर ही ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर असते, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. ती झडते, धुताना तिचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि दोन-तीन हिवाळ्यांत तिचा गुंता होतो. अर्थात खरी फर म्हणजे निसर्गाची देणगी, हा व्यापाऱ्यांचा दावाही तितकाच पोकळ आहे, कारण ती कुजू नये म्हणून रसायनांतून काढावी लागते आणि मांसाहारी प्राणी पोसायला मासळी व कोंबडीचे अवशेष टनावारी लागतात. डेन्मार्कमध्ये २०२० च्या नोव्हेंबरमध्ये मिंकमध्ये करोना विषाणूचा बदललेला प्रकार सापडल्यावर देशातील सगळे, म्हणजे सुमारे दीड कोटीहून अधिक मिंक मारण्याचा आदेश निघाला. घाईघाईने उथळ पुरलेली कलेवरे वायू धरून जमिनीबाहेर येऊ लागली, आणि पुढच्या वर्षी ती उकरून जाळावी लागली. निरोगी प्राणी मारण्याचा आदेश देण्यास कायद्याचा आधार नव्हता, हे उघड झाल्यावर कृषिमंत्र्यांना राजीनामाही द्यावा लागला.

झालरीवर 'नकली' लिहिले आहे म्हणून ती नकली असेलच, असेही समजू नका. रकून डॉग या कुत्र्याच्या कुळातील प्राण्याची स्वस्त फर नकली म्हणून विकल्याची प्रकरणे ब्रिटनमध्ये उघडकीस आली आहेत. केस दोन्ही हातांनी दुभागून मुळाशी पाहावे: खाली कातडे दिसले तर फर खरी, विणलेले कापड दिसले तर बहुधा नकली. खऱ्या केसाचे टोक निमुळते असते, नकलीचे बहुधा छाटलेले. तरीही खात्री पटत नसेल, तर दोन-चार केस उपटून चिमट्यात धरावे आणि काडी लावावी. प्लास्टिक वितळून गोळा होते, खरा केस जळून भुगा होतो आणि न्हाव्याच्या दुकानात केस जळल्यावर यावा तसा वास येतो. दुकानदारासमोर करू नका, एवढेच.