नदीकाठच्या हॉस्पिटलांनी औषधांचं स्टोअर तळमजल्यावर ठेवावं का? मत हवंय

वाशिष्ठी_फार्मासिस्ट
मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा होतो, त्यात बोटी, लाइफ जॅकेट, नालेसफाई, दरडीची गावं सगळ्यावर बोलणं होतं आणि औषधांवर एकच ओळ, पुरेसा साठा उपलब्ध आहे. तो साठा कुठल्या मजल्यावर आहे हे कोणी विचारत नाही.

मी चिपळूण भागात हॉस्पिटल फार्मसीत काम करतो. २२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांना आठवत असेल, महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस आणि इकडे वाशिष्ठी आणि शिव नदी दोन्ही शहरात. आमचं स्टोअर तळमजल्यावर, गाडी थेट दारात लागते म्हणून. रॅकची रचना अशी की सगळ्यात वरच्या फळीवर कापूस-बँडेज, मध्ये गोळ्या, खाली सलाईन, आणि इन्सुलिनचा फ्रीज जमिनीवर. म्हणजे हलकं आणि स्वस्त ते वर, आणि ज्याच्यावाचून माणूस अडतो ते पाण्याच्या तोंडाशी. शटर उघडलं तेव्हा खोक्यांचा लगदा झालेला, स्ट्रिपांवर चिखल, बॅच नंबर-एक्सपायरी काही वाचता येत नव्हतं, आणि स्टॉकचा कॉम्प्युटरही त्याच खोलीत असल्यामुळे काय होतं आणि काय गेलं हे सांगायलाही काही उरलं नाही.

आणि पाणी उतरल्यावर लोक काय मागायला आले? जखमांवरचं ड्रेसिंग होतंच, पण रांग लागली ती बीपी, शुगर, थायरॉईड, फिटच्या गोळ्यांसाठी. घरातल्या गोळ्या गेल्या, डॉक्टरांची चिठ्ठीपण गेली. एक आजी फक्त एवढंच सांगू शकत होत्या की सकाळची पांढरी बारीक गोळी, अर्धी करून घ्यायची. आता यावरून मी काय द्यायचं?

माझं म्हणणं, पूररेषेतल्या प्रत्येक हॉस्पिटलने मुख्य साठा पहिल्या मजल्यावर न्यावा, जून ते सप्टेंबर रोजच्या आजारांची औषधं महिनाभर जास्तीची ठेवावीत, आणि पुराचं पाणी लागलेली औषधं वाद न घालता नष्ट करावीत. बोला.

कृष्णाकाठ_सांगली
साहेब कळकळ समजते पण पहिला मुद्दा पटत नाही. सलाईनचा २४ बाटल्यांचा बॉक्स १२-१३ किलोचा असतोय, गाडी आली की ढिगानं उतरतात, आणि तालुक्याच्या ठिकाणी किती हॉस्पिटलांत चालू लिफ्ट आहे बघा जरा. रोज वर चढवायचं आणि रोज वॉर्डसाठी खाली आणायचं, करणार कोण, दोन मामा (वॉर्डबॉय) असतात त्यातला एक रजेवर.

२०१९ ला आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं, आम्ही पण भोगलंय. पण कृष्णेचं पाणी चढतंय ते सांगून चढतंय, कोयनेतून विसर्ग किती सोडला ते कळतं, पातळी तासातासाला कळते. त्यामुळं कायमचं हलवण्यापेक्षा अमुक फुटाला पाणी आलं की अमुक रॅक वर न्यायचं, कुणी न्यायचं, किल्ली कुणाकडं, एवढं कागदावर ठरवा आणि मे महिन्यात एकदा करून बघा.

वाशिष्ठी_फार्मासिस्ट
@कृष्णाकाठ तुमच्या नदीला ते चालेल, आमच्या नाही. कोकणातल्या नद्या आखूड, घाटातून सरळ खाली, त्यात खाडीला भरती असली की पाणी जायला जागाच नाही. इथे मध्यरात्रीनंतर काही तासांत खेळ संपतो आणि तेव्हा हॉस्पिटलात असतात दोन नर्स आणि वॉचमन. त्यांनी पेशंट उचलायचे की खोकी? सलाईन राहू दे खाली, मान्य. फ्रीज, इंजेक्शनं, रोजच्या गोळ्या आणि डबल लॉकमधलं मॉर्फिन-फेंटानिल (कडक वेदनाशामक, नशेची म्हणून कुलपात ठेवतात) एवढं तरी कायमचं वर पाहिजे. ते फार वजनाचं नाही.

लेखापरीक्षण_निवृत्त
महिनाभर जास्त साठा म्हणजे उद्या एक्सपायरीचा ढीग. पूर दरवर्षी येत नाही, ऑडिट दरवर्षी येतं. शेवटी पैसा जनतेचाच आहे.

वाशिष्ठी_फार्मासिस्ट
@लेखापरीक्षण अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, म्हणजे बीपी-शुगरच्या गोळ्या, पडून राहत नाही हो, पूर आला नाही तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओपीडीतच संपतं, पुढची ऑर्डर तेवढी कमी करायची. ज्याची एक्सपायरी आधी ते आधी बाहेर, हे तर रोजचंच काम आहे. मी सर्पदंशाचं इंजेक्शन पाचपट भरून ठेवा असं म्हणत नाहीये.

शिरोली_नाक्याजवळ
कोल्हापूरला रिटेल मेडिकल आहे. दोघंही हॉस्पिटलच्या भिंतीच्या आतलंच बोलताय म्हणून लिहितो. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, दुकान कोरडं, तरी इन्सुलिन संपलं, कारण शिरोलीजवळ हायवे जवळपास आठवडाभर बंद आणि होलसेलरची गोडाऊनं कुठं पाण्यात कुठं पाण्यापलीकडं. तुम्ही स्टोअर दहाव्या मजल्यावर न्या, माल येणार कुठून? जिल्ह्यातला थोडा साठा नदीच्या दोन्ही बाजूंना उंचावरच्या ग्रामीण रुग्णालयात आधीच ठेवायला पाहिजे, रस्ता तुटला तरी दोन्हीकडं माल राहील.

आणि मदतीचे ट्रक. त्याबद्दल कोणी बोलत नाही कारण मदतीला नावं ठेवायची कशी. पण पोती भरून अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिपा, डॉक्टरांची सॅम्पलं, दोन महिन्यांत एक्सपायर होणारी सिरप, ते निवडायला चार माणसं बसवावी लागली. दान केलेल्या औषधाला निदान वर्षभराची मुदत शिल्लक असावी असं जागतिक आरोग्य संघटनेने कधीच सांगून ठेवलंय. कृपा करून लोकांनी औषधं गोळा करू नयेत, तिथल्या हॉस्पिटलला विचारून यादीप्रमाणे नवीन विकत घेऊन द्यावीत.

डॉ_रायगड
फार्मासिस्ट साहेबांच्या तिसऱ्या मुद्द्याला माझा विरोध आहे, म्हणजे सरसकट नष्ट करायला. पुराच्या पाण्यात गटार असतं, मेलेली जनावरं असतात, सिरप, मलम, ड्रॉप, उघडलेल्या बाटल्या, भिजलेली इंजेक्शनं, लेबल गेलेलं काहीही, हे टाकायलाच पाहिजे, दुमत नाही. पण समोर फिट येणारं पोर आहे, रस्ता बंद आहे आणि हातात बाहेरून चिखल लागलेली पण आत कोरडी ठणठणीत गोळी आहे, तर मी ती देणार. फिटचं औषध अचानक बंद झालं तर झटक्यावर झटका येऊन मूल दगावू शकतं. अमेरिकेच्या एफडीएची (तिथली औषध नियंत्रण संस्था) सूचनासुद्धा अशीच आहे, पाणी लागलेलं औषध टाका, पण जीव वाचवणारं औषध असेल, बदली मिळत नसेल आणि गोळी आत कोरडी असेल तर नवीन मिळेपर्यंत चालवा.

त्यापेक्षा कुठलं औषध किती थांबू शकतं याची यादी फार्मसीत लावा. थायरॉईडची गोळी चार दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. इन्सुलिन, फिटची औषधं, स्टिरॉईड, काही हृदयाच्या गोळ्या थांबवता येत नाहीत. कमी माल असेल तेव्हा आधी कुणाला द्यायचं हे त्यावरून ठरतं. इन्सुलिनबद्दल अजून एक, फ्रीज बंद पडला म्हणून लगेच फेकू नका, न बुडालेली, न तापलेली कुपी ३० डिग्रीच्या आत साधारण चार आठवडे चालते, नक्की मुदत त्या ब्रँडच्या कागदावर असते. माठात ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका, गोठलं की कामातून गेलं.

आणि डॉक्सीसायक्लिन! चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून हे अँटिबायोटिक आठवड्याला २०० मिलिग्रॅम लागतं, गरोदर बायका आणि लहान मुलं सोडून. ते पाणी उतरल्यावर मागवत बसलात तर उशीर झालेला असतो.

वाशिष्ठी_फार्मासिस्ट
डॉक्टर, आत कोरडी आहे हे तुम्ही एका पेशंटसमोर ठरवू शकता. माझ्यासमोर हजारो स्ट्रिपा असतात आणि मागे लोक ओरडत असतात. एकदा 'वापरा'चा ढीग केला की त्यात दुपारपर्यंत काय काय शिरतं ते मी बघितलंय, चांगली माणसंच टाकतात, वाया जाऊ नये म्हणून. मोजून पाच-सहा औषधांची यादी असेल आणि त्यावर डॉक्टरची सही असेल तर मान्य, बाकी सगळं पिवळ्या पिशवीत, म्हणजे नष्ट करायच्या जैविक कचऱ्यात.

भांडारपाल_सरकारी
पिवळ्या पिशवीत टाकणार कधी? पंचनामा झाल्याशिवाय हात लावता येत नाही, पंचनाम्याला तलाठी गावात अडकलेला, नंतर निर्लेखनाचा (माल नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव वर जातो आणि महिनोन्‌महिने तो कुजका माल त्याच खोलीत सांभाळत बसायचा. जागा नाही म्हणून नवीन आलेला माल व्हरांड्यात. सही माझी असते, वसुली निघाली तर माझ्यावर. म्हणून लोक भिजलेलं टाकत नाहीत, पुसून ठेवतात. तुम्ही मजल्यावर भांडताय, आधी हे बदला.

वाशिष्ठी_फार्मासिस्ट
@भांडारपाल हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता आणि तो माझ्या तिन्हीपेक्षा मोठा आहे. रोजची स्टॉक लिस्ट रात्री बाहेरच्या मेलवर गेली, नुकसानीचे फोटो-व्हिडिओ आणि दोन अधिकाऱ्यांच्या सह्या एवढ्यावर ४८ तासांत माल नष्ट करायची परवानगी मिळाली तर तुम्हाला चालेल का? चालत असेल तर मे महिन्याच्या आढाव्यात लेखी देऊ, कृष्णाकाठ आणि डॉक्टर तुमच्याही जिल्ह्यातून द्या. पहिल्या मजल्यावरून मात्र मी हटत नाही.

कृष्णाकाठ_सांगली
देतो. फ्रीज आणि गोळ्या वर, सलाईन खाली, एवढ्यावर मी पण येतो. लिफ्टचं मात्र त्याच कागदात लिहा.