लिहिताना मागे काय लावता?

एकदम शांततेत बसलं की मला बारीकसारीक आवाजच जास्त ऐकू येतात, आणि गाणी लावली तर मन शब्दांमागे पळतं नि वाक्य अर्धवट राहतं. काय ऐकावं?

– लिहिताना शब्दवाली गाणी नकोच, अगदी आवडती असली तरी, कारण कानावर पडलेले शब्द मेंदू आपोआप समजून घ्यायला जातो आणि तुम्ही तेव्हाच स्वतःचे शब्द शोधत असता. डेटा एन्ट्री, फोटो एडिटिंगला चालतात. संतूर, पियानो असं काहीतरी लावा, व्हॉल्यूम कमी.

– संतूरवादनातही द्रुत लय आली की माझं लक्ष तिकडे जातं. मी नुसता तानपुरा लावते, त्यात ना ताल ना बंदिश, त्यामुळे पुढे काय येणार याची मन वाट बघत नाही, खरंच करून बघा, अ‍ॅपवर सहज मिळतो.

– आजूबाजूला लोक बोलत असतील तर ब्राउन नॉइज, म्हणजे धबधब्यासारखा एकसुरी, घुमणारा आवाज. व्हाइट नॉइजपेक्षा (जुन्या टीव्हीच्या खरखरीसारखा आवाज) खर्जातला असतो, कानाला टोचत नाही. ऑटोप्ले मात्र बंद ठेवा, आपोआप पुढचं भलतंच काही लागलं की सगळी तंद्री जाते.

– तानपुरा लावलाय आत्ता, छान वाटतंय. नॉइज ऑफिसमध्ये बघेन.